ग्रामसभेत रंगवलेला नकाशा आणि गॅझेटात आलेला नकाशा : गोव्याच्या प्रादेशिक आराखड्याचं प्रकरण

गावाच्या जमिनीचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा आणि त्यात गावातल्या लोकांना खरंच सामील करून घ्यायचं, असं आपल्याकडे कुठे झालंय का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, मुख्यतः सिंधुदुर्गातले मित्र. मी त्यांना गोव्याचंच उदाहरण देतो, कारण ते मी जवळून बघितलंय आणि आमच्या गावातल्या कमिटीत मी स्वतः बसलेलो आहे. प्रकरण मोठं आहे, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. २००६च्या आंदोलनाबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण माझ्या मते खरं शिकण्यासारखं आहे ते २००८ ते २०११ या काळात, जेव्हा नकाशे पंचायतीत आले आणि तिथून परत गेले, आणि त्यानंतर जे झालं त्यात.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण गोव्याबाहेरच्या वाचकाला हे लागेल. गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा कमी. सगळ्या राज्याला मिळून एकच प्रादेशिक आराखडा, लोक त्याला नुसतं आरपी म्हणतात. १९७४च्या नगर आणि ग्रामनियोजन कायद्याखाली तो होतो. तुमचा एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याचं आमच्याकडचं भावंड) तुमच्या नावावर असला तरी त्या जमिनीवर घर बांधता येईल की नाही हे ठरतं आरपीमधल्या रंगावरून. सेटलमेंट झोन (वस्तीसाठी ठेवलेला भाग) असेल तर पुढे कलेक्टरकडे सनदेसाठी (जमीन बिगरशेती करायच्या परवान्यासाठी) जायचं, नाहीतर शेतजमीन ती शेतजमीनच. म्हणजे नकाशावरची एक रेष थोडी इकडे सरकली की जमिनीची किंमत कितीतरी पटींनी वाढते, आणि या प्रकरणातले सगळे ताण त्या रेषेपाशी येऊन थांबतात.

पहिला आराखडा होता आरपी २००१ (नावातलं साल म्हणजे आराखडा जिथपर्यंतचा ते साल). त्याच्यानंतरचा आरपी २०११ ऑगस्ट २००६मध्ये अधिसूचित झाला, आणि लोकांनी नकाशे बघायला सुरुवात केली तेव्हा दिसलं की डोंगरउतार, बागायती, झाडी, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली जमीन, तिच्याबद्दल पुढे) असे भाग सेटलमेंटच्या रंगात गेलेत. डिसेंबर २००६मध्ये डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या पुढाकाराने गोवा बचाव अभियान उभं राहिलं, १८ डिसेंबरला पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली, आणि २६ जानेवारी २००७ला तेव्हाचे मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा मागे घेत असल्याचं जाहीर केलं. अधिसूचित झालेला आराखडा लोकांच्या रेट्याने सहा महिन्यांच्या आत परत जातो, ही गोष्ट भारतात फार वेळा झालेली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी एसईझेडच्या (विशेष आर्थिक क्षेत्रांच्या) विरोधात आंदोलन झालं, ३१ डिसेंबर २००७ला ती क्षेत्रंही रद्द करण्याची घोषणा झाली. त्यामुळे गावागावात एक हिंमत आली होती, जमिनीच्या बाबतीत आपण बोललो तर ऐकलं जातं असं लोकांना मनापासून वाटायला लागलं होतं, आणि पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे वाटणं लक्षात ठेवायला हवं.

नव्या आराखड्यासाठी, म्हणजे आरपी २०२१साठी, सरकारने कृती दल नेमलं. मुख्यमंत्री दिगंबर कामत अध्यक्ष आणि आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया उपाध्यक्ष. कोरिया म्हणजे पणजीची कला अकादमी बांधणारे, आणि नवी मुंबईची कल्पना ज्यांनी शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर १९६०च्या दशकात मांडली ते. एडगर रिबेरो यांच्यासारखे केंद्रात नगररचनेचं मोठं पद सांभाळलेले जाणकारही त्यात होते. या दलाने एक गोष्ट फार चांगली केली, आधी काय बांधायचं हे न ठरवता आधी काय वाचवायचं हे ठरवलं. इको-झोन एकमध्ये जंगल, खारफुटी, पाणवठे, भातशेती, खाजनं, आणि इको-झोन दोनमध्ये बागायती, लागवडीची जमीन, मिठागरं, तीव्र उतार असे भाग. दोन्ही मिळून गोव्याची साधारण ८० टक्के जमीन यात गेली. उरलेल्यात वस्ती, रस्ते, उद्योग. आणि नकाशा सर्व्हे नंबरपर्यंत उतरवला, म्हणजे आपलं भाट (बागायती जमीन) नेमकं कुठल्या रंगात आहे हे माणसाला बोट ठेवून दाखवता येईल असा. याआधी छोट्या स्केलच्या नकाशावर अख्खा वाडा (गावातली एक वस्ती) एका ठिपक्यात जायचा, तिथे हरकत तरी कशावर घेणार?

ऑक्टोबर २००८मध्ये मसुदा आला आणि नकाशे पंचायतींना दिले गेले. गावाने बघायचं, ग्रामसभेत चर्चा करायची, दुरुस्त्या सुचवायच्या आणि परत पाठवायचं. गावागावात छोट्या कमिट्या झाल्या.

आमच्या पंचायतीत नकाशा पहिल्यांदा उघडला तेव्हा काय झालं ते सांगतो, कारण 'लोकसहभाग' हा शब्द अहवालात वाचताना जसा वाटतो तसा तो प्रत्यक्षात अजिबात नसतो. हॉलमधली दोन टेबलं जोडून नकाशा पसरला आणि अर्धा तास कोणीच गावाबद्दल काही बोललं नाही, प्रत्येकजण आपापला सर्व्हे नंबर शोधत होता. ज्याला सापडला तो दुसऱ्याला दाखवत होता, ज्याला नाही सापडला तो चिडत होता. बायका मागे उभ्या होत्या कारण टेबलाभोवती जागाच नव्हती. मला तेव्हा हे बघून वाईट वाटलं होतं, की बघा, सगळ्यांना फक्त आपलं पडलंय. आता मला तसं वाटत नाही. माणूस नकाशात आधी स्वतःला शोधतो आणि मग शेजाऱ्याला, मग वाड्याला, मग व्हाळाला (ओढ्याला), आणि तसं शोधल्याशिवाय त्याला तो नकाशा वाचताच येत नाही, म्हणून तो अर्धा तास द्यायलाच हवा, किंबहुना दोन रविवार द्यायला हवेत. ज्या गावांत कोणीतरी पुढे उभं राहून लगेच 'पर्यावरण' या विषयावर भाषण सुरू केलं तिथली माणसं दुसऱ्या मीटिंगला आलीच नाहीत, असं मला शेजारच्या गावातल्यांनी सांगितलं आणि त्यात मला काही नवल वाटलं नाही.

नकाशा इंग्रजीत होता. 'ऑर्चर्ड' म्हणजे बागायत लिहिलेलं असायचं, पण कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि काजूचं भाट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कुळागराला बारमाही पाणी लागतं, वरच्या डोंगरातून झरी येते म्हणून ते तिथे आहे. काजूला तेवढ्या पाण्याची गरज नाही. नकाशात दोन्ही एकाच रंगात. 'बॅरन' म्हणजे ओसाड दाखवलेली जमीन आमच्या लेखी सडा, म्हणजे वरचं दगडी पठार. सड्यावर उन्हाळ्यात बघितलं तर काळा दगड आणि सुकलेलं गवत दिसतं हे खरं, पण पावसाळ्यात तोच जांभा दगड पाणी पितो आणि खालच्या वाड्यातल्या विहिरी मे महिन्यापर्यंत त्यावर चालतात. सॅटेलाईटच्या फोटोत हे दिसणार नाही. ते त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला माहीत असतं. आमच्या कमिटीत पाण्याच्या जागा नकाशावर मांडायची वेळ आली तेव्हा कुठली झरी कुठल्या महिन्यात आटते हे बायकांनी भराभर सांगितलं, एकीलाही आठवावं लागलं नाही. पुरुषांना सर्व्हे नंबर पाठ, बायकांना पाणी पाठ, आणि आराखड्याला दोन्ही लागतं. (म्हणूनच ग्रामसभा रविवारी सकाळी ठेवतात तेव्हा मला प्रश्न पडतो, आठवड्यातला मासळी-मटणाचा दिवस, घरातली बाई तेव्हा कशी येणार? आमच्याकडे नंतर आम्ही संध्याकाळी वाड्यावाड्यात बसलो, तेव्हा त्या आल्या.)

खाजनांचा विषय सगळ्यात जास्त वेळ चालला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून समुद्राच्या पाण्यातून वाचवलेली जमीन, भरतीच्या पातळीच्या खाली असलेली. गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर. बांधाला मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी, भरतीला बंद होते, ओहोटीला उघडते, आत भात होतं आणि मानशीवर मासे मिळतात, त्या मासेमारीचा लिलाव होतो आणि त्यातून बांधाची डागडुजी होते, निदान व्हायची. ही सगळी व्यवस्था एकत्र चालते. एकाने आपला तुकडा मातीने भरला की त्याचं पाणी शेजाऱ्याच्या शेतात. म्हणून खाजनात 'माझ्या जमिनीत मी काय करायचं ते मी ठरवणार' हे वाक्य चालतच नाही, आणि हे गावातल्या लोकांना कोणत्याही प्लॅनरपेक्षा जास्त कळतं. ग्रामसभेत खाजन भरायला विरोध करणारे सगळे काही पर्यावरणवादी नव्हते, ती शेजारी शेत असलेली माणसं होती.

पण गावात एकमत होतं असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. सगळ्यात कठीण प्रश्न होता पोरांच्या घरांचा. एक कुटुंब, तीन भाऊ, जुनं घर एक, आणि घरामागचं भाट इको-झोन दोनमध्ये. त्यांनी विचारलं की मोठा बिल्डर पैसे टाकून कसंही करून बांधणार, आणि आमच्या पोराने मात्र भाड्याच्या खोलीत राहायचं का? याला काय उत्तर देणार तुम्ही? मुंडकारांचं तर त्याहून अवघड, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भाटात घर, जमीन भाटकाराची, त्यामुळे नकाशावर त्यांचा सर्व्हे नंबरच नाही. कुळांचं वेगळं. कूळकायद्यात मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही असा १९९१चा कायदा आहे, त्यामुळे कुळाला सेटलमेंट मिळूनही उपयोग नाही आणि शेजारच्या भाटकाराला मात्र आहे, यावर भांडणं झाली. त्यात कोमुनिदादच्या जमिनी, म्हणजे जुन्या गांवकाऱ्यांच्या सामाईक जमिनी, त्यांच्या वतीने कोण बोलणार हाही प्रश्न.

आमच्याकडे शेवटी एक तोडगा निघाला आणि तो मला अजूनही चांगला वाटतो. सगळ्या वाड्यांना लागून, जिथे रस्ता, पाणी, वीज आधीच आहे अशी थोडी जागा वस्तीसाठी वाढवायची, आणि लांबचं, एकटं, मधोमध असलेलं काहीही सेटलमेंटमध्ये घ्यायचं नाही, कोणाचंही असलं तरी. त्या तीन भावांचं भाट वाड्याला लागून होतं, ते त्यात बसलं. एका पंचाच्या नातेवाइकाची सड्यावरची जमीन बसली नाही. त्यावरून दोन मीटिंगा गेल्या, आवाज चढले, पण नियम सगळ्यांसमोर आधी ठरला होता म्हणून तो टिकला. नंबर बघून नियम केला असता तर टिकला नसता. जे कोणी पुढे असं काम करतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आधी नियम ठरवा, ग्रामसभेत वाचून दाखवा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मगच नकाशावर पेन्सिल टेकवा.

हे सगळं काम लोकांनी फुकट केलं हे लक्षात घ्या. कोणाला मानधन नव्हतं. कॉलेजची मुलं जुने सर्व्हे प्लॅन आणि गुगल अर्थ शेजारी ठेवून रात्री बसायची, गोवा बचाव अभियानाचे कार्यकर्ते आणि काही आर्किटेक्ट गावांना नकाशा कसा वाचायचा ते समजावत होते. मुदत वाढत गेली, कारण गावं मागत होती. अख्खं राज्य त्या वर्षभरात आपापल्या गावाचा नकाशा हातात धरून बसलं होतं असं म्हणायला हरकत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११च्या अहवालात या प्रयोगाचा दाखला दिलाय तो उगाच नाही. त्याच अहवालाच्या वेळी सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आमचा भाग इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक) जाहीर करा असे ठराव केले होते, म्हणजे विकास नको असं म्हणायला बाहेरून कोणी शिकवलेलं नव्हतं, लोकांना आपली जमीन कळते आणि विचारलं तर ते सांगतातही.

मग नकाशे परत गेले, आणि इथून पुढे गाव दिसेनासं झालं.

गावांच्या सूचना नगरनियोजन खात्याकडे गेल्या, त्यांची छाननी झाली, तालुक्याप्रमाणे अंतिम आराखडे यायला लागले, आधी पेडणे आणि काणकोण, मग २०११मध्ये बाकीचे. तालुके टप्प्याटप्प्याने आल्यामुळे एकाच वेळी अख्ख्या राज्याने बघायची संधी गेली, हेही एक. गावं दोन वर्गात टाकली होती, व्हीपी-१ आणि व्हीपी-२. व्हीपी-१मध्ये एफएआर (चटईक्षेत्र) ८०, म्हणजे हजार मीटरच्या प्लॉटवर आठशे मीटर बांधकाम, आणि व्हीपी-२मध्ये ६०. ज्या गावांनी आम्हाला कमी चटई द्या म्हणून सांगितलं होतं त्यातली काही वरच्या वर्गात सापडली. काही ठिकाणी रुंद रस्त्यांच्या रेषा घरांवरून, शेतांवरून गेलेल्या दिसल्या. काही ठिकाणी ग्रामसभेने न सुचवलेली सेटलमेंट दिसली. अनेक गावांनी एकच तक्रार केली, आम्ही दिलेला नकाशा हा नव्हे.

आता मी जे म्हणतोय ते नीट समजून घ्या. गावाने जे सांगितलं ते जसंच्या तसं घ्यायलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. गावही चुकतं. राज्याला हॉस्पिटल लागतं, कचरा प्रकल्प लागतो, रस्ता लागतो आणि तो कुठल्यातरी गावातूनच जाणार. कृती दलाला किंवा खात्याला एखादी सूचना न मानण्याचं योग्य कारण असू शकतं. प्रश्न असा आहे की ते कारण कुठे लिहिलंय? अमुक सर्व्हे नंबर, गावाने हे सुचवलं, आम्ही ते केलं नाही, कारण असं असं, निर्णय घेणाऱ्याचं नाव, तारीख. असा एक रकाना असता तर? आमच्या गावाने अठरा सूचना दिल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच मान्य झाल्या होत्या हे आम्हाला नकाशा भिंगाने बघून महिनाभराने कळलं, आणि पाच झाल्या नव्हत्या, त्या का नाही झाल्या हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. गंमत बघा असं म्हणणार नाही, कारण यात गंमत काही नाही. मान्य झालेल्या तेरांबद्दल गावात कोणी बोलत नाही, न झालेल्या पाचांबद्दल अजून बोलतात, आणि त्यातली एक तरी कोणाच्यातरी सांगण्यावरून बदलली असणार अशी सगळ्यांची खात्री आहे. ती खरी की खोटी मला सांगता येत नाही. नोंदच नसेल तर प्रामाणिक अधिकाऱ्यालाही आपला प्रामाणिकपणा दाखवता येत नाही.

बाकी कायद्यातही पळवाट होतीच. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना अकराव्या परिशिष्टात २९ विषय दिले, चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या २४३ झेडडी कलमात जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि पालिकांचे आराखडे एकत्र करायचे असं म्हटलंय. पण जमीन वापर ठरवण्याचा अधिकार नगरनियोजन कायद्याखाली, तो राज्याकडे, आणि तो कायदा घटनादुरुस्तीच्या जवळजवळ वीस वर्षं आधीचा. म्हणजे २००८ची ती सगळी सहभागाची प्रोसेस सरकारच्या इच्छेवर उभी होती. ग्रामसभेच्या नकाशाला कायद्याने 'सूचना' एवढीच किंमत होती, मग त्यामागे दोनशे माणसांची सही असो की दोन माणसांची.

मार्च २०१२मध्ये सरकार बदललं, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी आरपी २०२१ स्थगित ठेवला. आराखड्यात चुका आहेत, दुरुस्त करून मग लागू करू, ही भूमिका. चुका होत्या हे तर गावंच ओरडून सांगत होती, त्यामुळे पुष्कळ लोकांना तेव्हा बरं वाटलं, मलाही. पण पुढे काय झालं? दुरुस्तीसाठी नकाशे परत गावात आले का, ग्रामसभेसमोर ठेवले का? तसं काही झालं नाही. वर्षं गेली. कमिट्यांतली माणसं पांगली, कोणी म्हातारं झालं, कोणी गेलं, कॉलेजची मुलं नोकरीला बाहेर. स्थगिती म्हणजे सगळं थांबलं असं बाहेरून वाटतं, पण जमिनीचे व्यवहार थांबत नाहीत. आज मागे बघून मला वाटतं की चुकीचा आराखडा लागू करण्याइतकंच नुकसान ही सहा वर्षांची पोकळी करून गेली, कारण तेवढ्यात लोकांची ती सवय गेली, नकाशा वाचायची.

२०१८मध्ये आराखडा पुन्हा वापरात आणायचं ठरलं आणि त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १६ब कलम आलं. त्यानुसार जमिनीचा मालक स्वतः अर्ज करून प्रादेशिक आराखड्यातला झोन बदलून मागू शकत होता. त्याला कोर्टात आव्हान गेलं. मग २०२३मध्ये १७(२) आलं, यात आराखड्यात 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करायची तरतूद. ऐकायला अगदी बरोबर वाटतं ना? चुका होत्याच, गावंही तेच म्हणत होती. पण गावाने दाखवलेली चूक आणि एका प्लॉटच्या मालकाने दाखवलेली चूक यात फरक आहे. १७(२)खाली एकेका प्लॉटचे झोन बदलायला लागले, मिळून लाखो चौरस मीटर, भातशेती, बागायती, उतार, आणि त्यात आधी लोकांकडून हरकती मागवायची पद्धतच नव्हती, गावाला कळायचं ते गॅझेटात आल्यावर. गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था, गोवा बचाव अभियान वगैरे कोर्टात गेले. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२)चे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली, आणि अशा तुकड्यातुकड्याने केलेल्या बदलांनी मूळ आराखडाच विद्रूप करता येणार नाही अशी भूमिका घेतली. दरम्यान २०२४मध्ये ३९अ कलम आलं होतंच, त्यात झोनबदलाच्या प्रस्तावावर हरकती-सूचना द्यायला लोकांना ३० दिवस ठेवले होते.

३० दिवस. मी स्वतः असा एक प्रस्ताव बघून हरकत लिहिलीय म्हणून सांगतो. आधी गॅझेट बघायची सवय पाहिजे, त्यात तालुका, गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग आणि किती मीटर एवढंच. मग तो सर्व्हे नंबर कुठे आहे ते शोधायचं, जागेवर जायचं, आजूबाजूला पाणी कुठून कुठे जातं बघायचं, मग इंग्रजीत लिहायचं, मग पणजीला पाटोवरच्या खात्याच्या ऑफिसात किंवा तालुक्याच्या ऑफिसात नेऊन द्यायचं आणि पोच घ्यायची. पोच मिळाली. पुढे उत्तर नाही. आणि महिन्याला असे किती प्रस्ताव, कुठला गावकरी दर महिन्याला हे करणार? २००८ला आम्ही अख्ख्या गावाचा विचार एकदम करत होतो, सडा, झरी, कुळागर, खाजन असं वरून खाली. आता एक प्लॉट, मग दुसरा प्लॉट, आणि प्रत्येक वेळी एकटा माणूस. सडा पाच तुकड्यांत सेटलमेंट झाला तर प्रत्येक तुकडा बघताना 'एवढ्याने काय होतंय' असंच वाटेल आणि खालची विहीर आटल्यावर कुठल्या तुकड्याला दोष देणार?

आराखडा हे नावच २०२१चं होतं, ते साल कधीच उलटून गेलं, नव्या आराखड्याचं काम कधीतरी सुरू करावंच लागणार. सुरू होईल तेव्हा पुन्हा सल्लागार नेमले जातील, 'स्टेकहोल्डर मीटिंग' होतील, तालुक्याच्या ठिकाणी एसी हॉलमध्ये प्रेझेंटेशन होईल. माझ्या गावात आता लोक विचारतात की परत कशाला, मागच्या वेळी केलं त्याचं काय झालं. हा प्रश्न विचारणारी माणसं आळशी नाहीत, त्याच माणसांनी तेव्हा कंदील लावून पावसात मीटिंगा केल्या होत्या, लाईट गेली म्हणून घरी गेले नव्हते.

त्यांना परत बोलवायचं असेल तर मला तीन गोष्टी लेखी पाहिजेत आणि आम्ही ग्रामसभेत तसा ठरावही मांडलाय. गावाने दिलेली प्रत्येक सूचना आणि तिचं काय झालं याचं कारणासकट रजिस्टर, मराठी आणि कोंकणीत, पंचायतीच्या भिंतीवर. अंतिम अधिसूचनेच्या आधी बदललेला नकाशा त्याच ग्रामसभेसमोर परत यायला हवा, आणि काय बदललं ते वेगळ्या रंगात दाखवलेलं असायला हवं. आणि आराखडा झाल्यानंतरचा कुठलाही झोनबदल, कुठल्याही कलमाखाली, त्या गावच्या ग्रामसभेत मांडल्याशिवाय पुढे जायला नको. पहिल्या दोन गोष्टींना कायदा बदलायचीही गरज नाही, खात्याने परिपत्रक काढलं तरी पुरे. तिसरीला लागेल, आणि तिसरीवरच सगळ्यात जास्त विरोध होणार हे मला माहीत आहे.

आम्ही २००९ला पाठवलेल्या नकाशाची एक झेरॉक्स पंचायतीत सापडली, घडीवर फाटलेली, पण रंगीत पेन्सिलींच्या खुणा मूळ प्रतीवर होत्या त्यामुळे झेरॉक्समध्ये त्या सगळ्या राखाडी झाल्यात, हिरवं कुठलं आणि निळं कुठलं ते ओळखू येत नाही. गेल्या महिन्यात आम्ही सात-आठ जण बसलो, त्यात तेव्हाच्या कमिटीतल्या दोघी होत्या. एकीने ट्रेसिंग पेपर ठेवला आणि दुसरी सांगत गेली, ही झरी मार्चमध्ये आटते, ही मेमध्ये, ही कधीच आटली नाही. सोळा वर्षांनीही तिला आठवावं लागलं नाही. फक्त एका ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, ही आता नाहीये, वर बंगले झाले. तिथे आम्ही तांबडी खूण केली आणि साल लिहिलं.